लोणच्याच्या बरणीसोबत

चि. पूजा,
अनेक आशीर्वाद.

माधवकाका उद्या उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरला निघतायत. त्यांच्याकडे लिंबाचं लोणचं आणि हे पत्र देतेय. फोन तू उचलत नाहीस, उचललास तरी ‘हो, हं, ठेवते’च्या पुढे गाडी जात नाही, म्हणून लिहायला बसले. कागद दादाच्या जुन्या वहीचे आहेत, पाठीमागे त्याची चुकलेली गणितं दिसतील.

मनगटाचं मी काही विचारणार नाही. ते ठरवूनच पेन हातात घेतलंय.

काल रात्री गोल्फच्या पहिल्या राऊंडच्या फटक्यांचा तू नुसता ‘७८’ असा आकडा टाकलास. दादाने खोदून विचारलं तेव्हा कळलं, पाच थ्री-पट, म्हणजे पाच वेळा ग्रीनच्या बारीक कापलेल्या गवतावर बॉल होलमध्ये लोटायला तीन-तीन पट. ते पाचही दोन-दोनात आटपले असते तर ७३ झाले असते. टोचायला म्हणत नाही, हिशोब आपोआप होतो. दादा म्हणाला, पहिला पट दर वेळी अलीकडेच राहत होता, कधी चार फूट, कधी पाच. लाईन, म्हणजे दिशा, चुकली नव्हती. हे ऐकून मला रात्रभर झोप नाही. कारण जायच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिस ग्रीनवरही मी तेच पाहिलं. तीस फुटांवरून सहा बॉल मारलेस, पाच अलीकडे. हातातला पटर मागे छान जातो, बॉलपर्यंत छान येतो आणि तिथेच थबकतो, गरम तव्याला बोट लागल्यासारखा. प्रत्येक पटानंतर तू डावा हात पँटला पुसत होतीस. घाम पुसतेय असं दाखवत होतीस.

बघ, आलंच तिथे.

त्या दिवशी मी चारचौघांत ‘हात दाखव बघू’ म्हणायला नको होतं. बॅगा उचलणारे तीन कॅडी उभे होते, मुकादम उभा होता. पण तूही म्हणालीस, ‘तू गवत वेचतेस आई, पटिंगमधलं तुला काय कळतं?’ आणि सकाळी पोहे न खाता गेलीस. पोह्यांचं मला जास्त लागलं.

बरं, मग गवतातलंच सांगते. सव्वीस वर्षं मी ग्रीनवर उकिडवी बसून लव्हाळा काढतेय. तुझे पप्पा साहेबांना लाईन सांगायचे ती उभ्याने बघून, मी ते गवत बोटांनी बघितलंय. तुम्ही ज्याला बर्म्युडा म्हणता ते दूर्वांच्याच कुळातलं. गणपतीला वाहतो त्या दूर्वा, आणि निगडीच्या आत्यांचे सासरे शेतात जिला शिव्या घालायचे ती हरळी. ती सरळ वर वाढत नाही, आडवी धावते. तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापली तरी तिचा कल जात नाही. बॉलमागून होलकडे बघताना गवत चमकलं तर पाती तुझ्यापासून पलीकडे झुकलीयत, बॉल पळेल. काळपट दिसलं तर पाती तुझ्याकडे तोंड करून आहेत, बॉल अडेल. संशय आला तर होलची कड बघ. एक बाजू सुरीने कापल्यासारखी असते, दुसरी दुपारपर्यंत झिजून तपकिरी होते. झिजलेल्या बाजूला गवताचा कल. हे मला कुणी शिकवलं नाही, होल बदलणाऱ्या पोराच्या मागे बादली घेऊन फिरताना दिसलं.

आणि हा कल सगळ्यात जास्त कुठे बाधतो? शेवटच्या दोन-तीन फुटांत, बॉल दमल्यावर. जोरात असताना त्याला गवत काय नि उतार काय, कशाची पर्वा नसते.

सकाळचं दव विसरू नकोस. पाच वाजता लांब काठी फिरवून आम्ही दव पाडतो ते शोभेसाठी नाही. ओल्या ग्रीनवर बॉल पाण्याची रेघ ओढत जातो आणि वाटेतच बसतो. तेच ग्रीन दहाच्या उन्हात सुकलं की वेगळं वागतं. तुझा टी टाइम, खेळ सुरू करायचा, सकाळचा असेल तर पहिल्या तीन-चार होलचा अंदाज पुढे धरून चालू नकोस.

ग्रीनचा वेग मोजायचा तो स्टिंपमीटरही आठवतो ना? तू सात-आठ वर्षांची असशील, त्याला घसरगुंडी म्हणायचीस. एडवर्ड स्टिंपसन म्हणून एक अमेरिकन गृहस्थ होते. १९३५ साली ओकमाँटला यूएस ओपन बघताना त्यांना वाटलं की ही ग्रीन्स वाजवीपेक्षा जास्त पळतायत, पण ते दाखवायचं कसं? म्हणून त्यांनी खाचेची एक पट्टी केली. खाचेत बॉल ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, वीसेक अंशाला बॉल आपला आपण सुटतो. तीन बॉल इकडून, तीन तिकडून, आणि सरासरी फुटांत. आपल्याकडे टेप धरायला मी असायचे, म्हणून मला आकडे पाठ आहेत. एरवी आपलं ग्रीन साडेआठ. माधवकाका म्हणतात तिथे साडेदहा तरी निघेल.

आता तूच बघ. इथे सपाटीवर तीस फूट जाणारा पट तिथे त्याच हाताने सदतीसच्या आसपास जायला पाहिजे. म्हणजे जुन्या सवयीने मारलं असतंस तर बॉल सात फूट पुढे गेला असता. तुझा अलीकडे राहतोय. मग हा ग्रीनचा दोष नाही, अंदाजाचाही नाही. हात सुटत नाहीये. हात का सुटत नाही ते मी लिहीत नाही, तुला माहीत आहे.

लांबच्या पटाला लाईनीसाठी तू किती वेळ घालवतेस! दोन्हीकडून बसतेस, पटर लोंबकळत धरतेस. तीस फुटांवरून तुझी लाईन चुकून चुकून फूटभर चुकेल. अंतर मात्र पाच फूट चुकतं. चालत जा, पावलं मोज, मधल्या जागी उभी राहून पायाला चढ लागतोय का बघ. आणि छोट्या पटाला, दहा-बारा फुटांच्या, होलच्या एक हात पुढे जाईल इतका वेग दे. आपला हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. पप्पांचे एक साहेब सांगायचे की नासात काम केलेल्या डेव्ह पेल्झ नावाच्या माणसाने बॉल लोटून लोटून मोजलं, तर सतरा इंच आलं. आपला हात अठराचा, इंचभर इकडेतिकडे. त्याहून जोरात गेला की होल लहान होतं. आहे सव्वाचार इंचच, पण धावत आलेल्या बॉलला मधोमधच जावं लागतं, कडेने गेला तर ओठाला फिरून बाहेर. हळू आलेला कडेनेही आत पडतो. पण पार हळू आला तर गवत त्याला हवं तिकडे नेतं.

तू पाळण्यात होतीस तेव्हा मी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून भाकऱ्या थापायचे. झोका लहान असो की मोठा, जायला-यायला तेवढाच वेळ लागतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मोठ्या झोक्याला घाई करावी लागत नाही. दोरीला हिसका दिला की तू दचकून उठायचीस. तुझा लांबचा पट तसा झालाय, झोका लहान आणि शेवटी हिसका. पटर जास्त मागे ने, तेवढाच पुढे जाऊ दे, मोजणी तीच ठेव. सरावाला होलकडे बघतच दहा बॉल मार, बॉलकडे बघूच नकोस. नंतर डोळे मिटून मार आणि उघडायच्या आधी सांग, अलीकडे की पलीकडे.

झालं माझं व्याख्यान सुरू. तुझे कोच आहेत, ते यापेक्षा चांगलं सांगत असतील. राग मानू नकोस.

पप्पा गोल्फर डग सँडर्सची गोष्ट सांगायचे, १९७० ची, सेंट अँड्र्यूजची. ब्रिटिश ओपन, शेवटचं होल, ठरलेल्या फटक्यांत, म्हणजे पारमध्ये, संपवलं की जिंकला. तीन फुटांचा पट राहिला होता, तो चुकला, बरोबरी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलॉसकडून एका स्ट्रोकने हरला. सगळे त्या तीन फुटांचंच बोलतात. मी पप्पांना म्हणायचे, अहो, पण ते तीन फूट उरले का? त्याच्या आधीचा उताराचा लांब पट त्याने अलीकडे सोडला म्हणून. तो होलच्या ओठाशी ठेवला असता तर ही गोष्टच झाली नसती. पप्पा हसायचे, म्हणायचे, बाई, तू कॅडी व्हायला पाहिजे होतीस.

त्यांच्या पाठीचंही असंच पहिल्या पटासारखं झालं. आधी ‘जरा भरून आलीय’, मग ‘बॅगच जड आहे’, मग बाम चोळून ३६ होल. मी विचारलं की ओरडायचे. ज्या दिवशी विचारायचं बंद केलं त्यानंतर पुढचं तुला माहीत आहे. म्हणून मी विचारते. तू ओरडलीस तरी विचारणार. वर काय लिहिलं होतं ते खोडत नाही, राहू दे.

२०२१ च्या ऑगस्टमधली ती सकाळ आठवतेय का? टोकियोचं ऑलिंपिक. आपण पाचलाच टीव्ही लावला होता, मी कामावर उशिरा गेले, मुकादमाने अर्धा दिवस कापला. अदिती अशोक. त्या आधी करोनाने आजारी होती, अंगात ताकद नव्हती, ड्राइव्ह, सुरुवातीचा लांब फटका, सगळ्यांच्या मागे पडत होता. तरी पटरच्या जोरावर चौथी आली, ब्राँझ एका स्ट्रोकने गेलं. तू तिचे पट बघत होतीस. मी तिच्या आईकडे बघत होते. बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती, बंगळूरच्याच त्या. मला वाटलं, लेकीला कुठे दुखतंय ते हिला बॅग बदलतानाच कळत असेल. मला पँटला पुसलेल्या हातावरून ओळखावं लागतं, आणि ओळखलं तर बोलणी खावी लागतात.

तुझं पेपरमधलं कात्रण मी लॅमिनेट करून घेतलंय. मुकादमाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, त्याने स्वतःच मागितलं. रोज सकाळी सही करताना वाचते. नाव चुकीचं छापलंय तरी वाचते.

दुसऱ्या राऊंडनंतर कट, म्हणजे पुढे खेळायची संधी, गेला तर गेला, पुढच्या महिन्यात आणखी एक आहे, एन्ट्री फी भिशीतून होईल, त्याचा विचार तू करू नकोस. पण तिथे टूर्नामेंटचे फिजिओ असतात म्हणे. फुकट असतात म्हणे. मी एवढंच लिहितेय की असतात.

लोणचं मुरलेलं नाही, दहा दिवस तरी थांब. थांबणार नाहीस, माहीत आहे. बरणीचं झाकण मुद्दाम सैल ठेवलंय आणि वरून दोन पिशव्या बांधल्यात. पत्रावर तेलाचा डाग पडला असेल तर माधवकाकांना बोलू नकोस.

तुझी,
आई