कीचकाचं काम करणाऱ्या मुलास

बेळगाव

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या नाटकात तुला कीचक मिळाला हे वाचून तुझ्या आईचं तोंड उतरलं. मला मात्र बरं वाटलं.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. व्हाइसरॉय कर्झन विलायतेला परत गेला होता, पण बंगालची फाळणी कोण विसरणार? नाटकात त्याचं नाव कुठंच नाही. तरी कीचक कोण आणि सैरंध्री कोण, हे पिटातल्या माणसालाही सांगावं लागलं नाही. १९१० साली सरकारनं बंदी घातली. पुराणातल्या एका सेनापतीला इंग्रज भ्याले! खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले, त्याच टिळकांनी १९१६ साली आपल्या बेळगावात होमरूल लीग काढली. टिळकवाडीतनं जाताना मला हे हटकून आठवतं.

तू लिहितोस, झुपकेदार मिशा लावून गडगडाटी हसणार. नको बाळा. आधी विराटपर्व वाच. कीचक राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती. सैरंध्री नावानं दासी होऊन राहिलेली द्रौपदी जीव घेऊन दरबारात धावते, तिला तो सगळ्यांदेखत लाथ मारतो. कंक नावानं वेष पालटून राहिलेला धर्मराज तिथंच बसलेला. भीम दात खातो, तर धर्मराज त्यालाच आवरतो. आणि राजा विराट म्हणतो, तुमचं भांडण माझ्या माघारी झालं, खरं काय ते मला कसं कळावं?

तुला कधी सांगितलं नाही. उद्यमबागेत फौंड्रीत लागलो तेव्हाची गोष्ट. साचा बिघडला म्हणून सुपरवायझरनं एका पोराच्या कानाखाली मारली. सतरा-अठरा वर्षांचं पोर. आम्ही वीस-बावीस जण होतो. मी खाली बघून वाळू दाबत राहिलो. घरी भाडं थकलेलं, तू पोटात. पण ते कारण त्या पोराला काय कामाचं? दुसऱ्या दिवसापासनं तो आलाच नाही.

तो माणूस ओरडला नव्हता. मारल्यावर त्यानं पोराकडं बघितलंही नाही. आमच्याकडं बघितलं, सावकाश, एकेकाच्या तोंडाकडं. मग रुमालानं हात पुसला.

लाथ मारल्यावर तू तसंच बघ. सैरंध्रीकडं नको, सभेकडं.

आणि विराटाचं काम कोण करतोय ते कळव. त्याला तालमीला रोज बोलवा.

तुझा,
आप्पा