रविवारची बैठक: पोटनिवडणुकीवर चर्चा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ठीक ८ वाजता प्रतापनगरच्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. विषय : आमदाराची जागा रिकामी झाली की पुढे काय?

मागच्या वेळी यावरून बराच वाद झाला, म्हणून थोडी पूर्वतयारी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१-अ वाचून या. जागा रिकामी झाल्यापासून ६ महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. मात्र उरलेला कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असेल, तर ही सक्ती नाही. खरी गोम इथेच आहे. हे एक वर्ष मोजायचं कुठून, जागा रिकामी झाली तेव्हापासून की नवा आमदार निवडून येतो तेव्हापासून? दूर जायला नको. आपल्याच नागपूर खंडपीठाने (मुंबई उच्च न्यायालयाच्या), नव्या आमदाराला वर्षभरही मिळणार नाही म्हणून, २०१९ मध्ये काटोलची आणि २०२४ मध्ये अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली. अकोला पश्चिमच्या मतदारांना मग नोव्हेंबर २०२४ पर्यंत आमदारच नव्हता. हे बरं की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलायला माणसं हवीत. नावं शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवा.

– कोणत्याही पक्षाचा प्रचार नको. गळ्यातले दुपट्टे घरीच ठेवा.
– बोलायला प्रत्येकी ५ मिनिटं, माजी अध्यक्षांनाही.
– पत्ता बदललेल्यांनी मतदार ओळखपत्र आणावं, नमुना ८ कसा भरायचा ते दाखवू.

तर्री-पोहे चर्चेनंतरच मिळतील, आधी नाही.

– सचिव