माटुंगा रेल्वे वर्कशॉपच्या काकांना, एका टेबलाच्या निमित्ताने

आदरणीय काका,

हे पत्र खाली येऊन तुमच्या हातात देता आलं असतं, पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून मुद्दाम उघडच लिहिते आहे. आपल्या भागातली एकेक इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि दर वेळी खाली रस्त्यावर सागवानी कपाटं, टेबलं, पाळणे भंगारवाल्याची वाट बघत पडलेले दिसतात. ते देऊन टाकण्याआधी कुणीतरी तुमचं म्हणणं ऐकावं असं मला फार वाटतं. आणि तुमचे आभार तर चारचौघांतच मानायचे आहेत.

टेबल मी जोगेश्वरीला, ओशिवऱ्याच्या रिलीफ रोडवरच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून आणलं. वर फिकट हिरवा सनमायका, कोपऱ्यात उचकटलेला. पायांवर चॉकलेटी ऑइलपेंटचे थरावर थर. उजवीकडे तीन खण, त्यातला मधला जागचा हलायला तयार नाही. हात टेकला की सगळं टेबल डावीकडे कलायचं. छोटा हत्तीतून उतरवताना ज्याने पाहिलं त्याने एकच सल्ला दिला: वरून नवीन सनमायका मारून टाका. तुम्ही मात्र सगळ्यात खालचा खण बाहेर काढलात, उलटा केलात आणि उजेडाकडे धरलात. आत रंग पोचलाच नव्हता. कोपऱ्यातलं डव्हटेल, म्हणजे दोन फळ्या एकमेकींत अडकवणारा दातेरी सांधा, दाखवून म्हणालात, "हे दात सारखे नाहीत बघ. हाताने कापलेत. मशीनचे सगळे एका मापाचे येतात." मग चाकूने आतल्या कडेला जरासं खरवडलंत आणि सागाचा तो तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा वास आला. टेबलाचं काय करायचं ते तिथेच ठरलं.

आभार मुख्यतः एका गोष्टीसाठी मानते आहे. तुम्ही प्रत्येक कामाबरोबर त्याचं कारण सांगितलंत. शिकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी "असंच करतात" एवढंच ऐकायला मिळतं. तुमच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलं नाही.

रंगाचंच घ्या. "जुना ऑइलपेंट सुका घासायचा नाही, त्यात शिसं असतं," हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली आला. हे टेबल त्याच्या कितीतरी आधी रंगवलेलं. म्हणून गॅलरीच्या सगळ्या खिडक्या उघडून, हातमोजे आणि मास्क घालून रिमूव्हर लावायचा, फुगलेला रंग पत्तीने ओला असतानाच काढायचा आणि वर्तमानपत्रात बांधून टाकायचा. मजल्यावरच्या लहान मुलांना तुम्ही तेवढा वेळ गॅलरीत फिरकू दिलं नाहीत. सनमायका हेअर ड्रायरच्या उष्णतेने सुटला. पुढे काचकागद खरखरीत 80 नंबरपासून बारीक 220 नंबरपर्यंत, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे घासताना दिसत नाहीत, पॉलिश चढलं की सगळे उठून दिसतात.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पाय उघडल्याचा दिवस. टेबल डगमगतं म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मला एल-पट्ट्या मारायला सांगितलं होतं. तुम्ही नको म्हणालात. "वर्कशॉपमध्ये आम्ही जे डबे बघितले ते रात्रंदिवस हलायचे. हलत्या लाकडात खिळा सैल होत जातो. खाचेत नीट बसलेला कुसू, म्हणजे लाकडाचीच जीभ, तग धरतो." तरीही सांधा न मोडता उघडायचा कसा हे मला कळत नव्हतं. तेव्हा तुम्ही सरसाबद्दल सांगितलंत. जुने सुतार सांध्यात सरस घालत, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, आणि तो गरम पाण्याने, वाफेने पुन्हा मऊ होतो. काकूंनी किटलीभर पाणी उकळून दिलं. कढत पाण्यात पिळलेलं फडकं तुम्ही सांध्याभोवती गुंडाळलंत, गार झालं की बदललंत, पुन्हा बदललंत. मग लाकडी हातोडीने दोन हलके ठोके. सांध्याच्या फटीतून तपकिरी चिकट पाझर आला आणि पाय माझ्या हातात आला, कुठेही ढलपी न उडता. कुसवावर सरसाचा जुना थर काचेसारखा चमकत होता. ज्या सुताराने तो घातला त्याने पुढच्या सुताराला आत शिरायला वाट ठेवली होती, हे मला त्या क्षणी समजलं आणि त्या अनोळखी माणसाबद्दलही फार आदर वाटला.

तो सगळा थर खरवडून काढायला लावलात, कारण फेव्हिकॉलला कोरं लाकूड लागतं, जुन्या सरसावर तो धरत नाही. साग तेलकट, म्हणून चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यायचा. कुसू आकसून सैल झाला होता, त्याला सागाचीच पातळ पट्टी चिकटवून जाडी भरून काढलीत. सांधा दाबून धरायला शिकंजा नव्हता, तर चारही पायांभोवती दोरी बांधून तिच्यात काठी अडकवून पीळ दिलात. आणि सुकायला ठेवण्याआधी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजायला लावलेत: दोन्ही सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे, नसतील तर आत्ताच सरळ करायची, नंतर होणार नाही. काटकोन तपासायचा गुण्या इवल्याशा कोपऱ्यापुरतं सांगतो, कर्ण अख्ख्या टेबलाचं सांगतो.

मधल्या खणाला तुम्ही रंधा लावू दिला नाहीत. पावसाळा ऐन भरात होता. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच; आत्ता रंधलं तर जानेवारीत तो खण खडखडत राहील. मेणबत्ती घेऊन त्याच्या खालच्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर घासलीत, बस. आज तो बोटाने सरकतो.

पॉलिशसाठी तर पाऊस संपेपर्यंत थांबायला लावलंत, आणि मुलीचं अकरावीचं वर्ष सुरू झालं होतं. तिने कोऱ्या लाकडावर मेणकापड अंथरून अभ्यास केला, एका शब्दाने कुरकुर न करता, कारण तिलाही तुम्ही कारण सांगितलं होतं. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, मुंबईच्या पावसाळी हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश पांढरं पडतं. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर चपडा, म्हणजे पॉलिशची शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला, मलमलीतून गाळला. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून, त्याला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावून तुम्ही माझ्या हातात दिलात आणि माझ्या मनगटावर स्वतःचा हात ठेवून तो इंग्रजी 8 च्या आकारात फिरवलात. कुठेही थांबायचं नाही. बोळा थांबला की खालचा थर विरघळून चिकटतो. थर इतका पातळ की पहिल्या दिवशी काही केलंय असं वाटेना. पुढे पुढे मात्र सागाच्या रेषा आतून उजळत गेल्या.

तुमच्यामुळेच मी लाखेबद्दल वाचायला लागले. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या इवल्या किड्याची ही राळ. झारखंडात तिच्यावर कितीतरी घरं चालतात, आणि रांचीजवळ नामकूमला 1924 पासून तिच्या अभ्यासाची संस्था आहे. आपण सर्रास पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारतो तेव्हा या सगळ्याकडे पाठ फिरवतो, याचं मला आता वाईट वाटतं. पीयू कडक आणि टिकाऊ, हे तुम्हीही मान्य केलंत. पण दिवाळीत पाहुण्यांचा गरम कप टेकला आणि पांढरं वर्तुळ उठलं, तेव्हा तुम्ही स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा त्यावरून अलगद फिरवलात आणि ते निघून गेलं. चपड्याचा नवा थर जुन्यात मिसळून जातो, पीयूवर डाग पडला तर सगळंच खरवडावं लागतं. चपडा का निवडलात ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

काकूंचेही आभार. इतके दिवस गॅलरीतली भुकटी आणि थिनरचा वास त्यांनी सोसला, वर किटली आमच्यासाठीच राखून ठेवली.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे त्यांच्या सासऱ्यांची वेताची खुर्ची आहे. एक हात निखळलाय, वेत मधोमध फाटलाय आणि घरातले सगळे ती टाकायला निघालेत. मी त्यांना दोन दिवस थांबा म्हटलंय. हाताचा सांधा सरसाचाच दिसतो, मी नखाने खरवडून बघितलं. रविवारी तुम्हाला वेळ असेल तर खुर्ची घेऊन खाली येतो. फडकी आणि पाणी आम्ही आणू, स्पिरिटची अर्धी बाटली माझ्याकडे शिल्लक आहेच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण