मालवणच्या त्या होडीतल्या सगळ्यांचे आभार

पोटावर स्टोमा, म्हणजे शौचासाठी ऑपरेशनने केलेलं तोंड, आणि त्यावर पिशवी आली त्याला दोन वर्षं झाली. पाण्यात जायचं म्हटलं की घरचे गप्प व्हायचे. सर्जननी मात्र स्कुबा डायव्हिंगची परवानगी दिली. स्टोमा केअरच्या सिस्टरनी बजावलं, "आधी पिशवी रिकामी कर, फिल्टरवर स्टिकर लाव." फिल्टर भिजला की पिशवीतली हवा सोडत नाही, हे मला माहीतच नव्हतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली. पाण्याखाली राहता यावं म्हणून बांधायचा वजनाचा पट्टा नेमका स्टोमावर येत होता. शरमून सांगितलं, तर मला पाण्यात नेणाऱ्या त्या पोराने ना प्रश्न विचारला ना चेहरा बदलला. पट्टा खाली कमरेच्या हाडावर घेतला, बकल बाजूला फिरवलं. "दुखता काय? खाली हातान सांगा," एवढंच.

दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे पिशवीतली हवा निम्मी. आम्ही तेवढे खोल गेलोच नाही. वर येताना ती पुन्हा फुगते, म्हणून तो मला अगदी सावकाश आणत होता. मध्येच निळ्या-पिवळ्या माशांचा थवा आला आणि पिशवी विसरले!

कपडे बदलताना ओढणीचा आडोसा धरणाऱ्या काकू, तुमचं नावही विचारायचं राहिलं. पिशवी कोरडी निघाली हो.