बाबांच्या खिशातल्या चिठ्ठीबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले होते, पण ते घाईत. आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पॅरिसहून शॅम्पेनला, म्हणजे त्या नावाची फेसाळ वाइन जिथे बनते त्या भागात, एका दिवसात जाऊन यायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कुणी भेटावं असं मनापासून वाटतं.

तुमची-आमची ओळख नव्हती. मैत्रिणीने नंबर दिला आणि मी रात्री साडेदहाला मेसेज टाकला: आई-बाबा आलेत, बाबा दिंडोरीचे द्राक्षबागायतदार, माळकरी आहेत, दारूला शिवत नाहीत, पण तिकडची बाग बघायचीच म्हणतात. तुम्ही लगेच फोन केलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "बाबांना गुडघ्याचा त्रास आहे का?" वाइन मुरवायच्या तळघरांच्या पायऱ्या तुमच्या डोळ्यांसमोर होत्या. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी तिकीट काढत होते ते 'शॅम्पेन-आर्देन' स्टेशनचं. नावातच शॅम्पेन, म्हणून. तुम्ही थांबवलंत. ते स्टेशन शहराबाहेर आहे, तिथून पुन्हा ट्राम पकडावी लागते. "पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून थेट रँस शहराच्या मुख्य स्टेशनची टीजीव्ही, म्हणजे वेगवान गाडी घ्या, पाऊण तासात पोचाल." तोवर आम्ही त्या गावाला रीम्स म्हणत होतो! पुढे रँसहून एपर्ने गावाला साधी टीईआर, म्हणजे तिथली प्रादेशिक गाडी, तिला आरक्षण लागत नाही. आणि परतताना पुन्हा रँसला न येता एपर्नेहूनच थेट पॅरिस, सव्वा तासाच्या आसपास. या एका सल्ल्याने आमची उलटी फेरी वाचली. मी तीन तळघरं ठरवली होती, तुम्ही दोन खोडलीत.

रँसचं कॅथेड्रल पाहिलं. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक इथे व्हायचे. १९१४ च्या तोफमाऱ्यात आणि आगीत हसऱ्या देवदूताचं डोकं तुटून पडलं होतं, ते पुन्हा बसवलंय. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. बाबांचं लक्ष मात्र घड्याळाकडे.

टीईआरमध्ये तुम्ही सांगितल्याप्रमाणे खिडकीशी बसवलं त्यांना. मळे दिसायला लागले तसे ते बोलायचेच थांबले. मग एकदम, "ड्रिप कुठंय गं?" कुठेच नव्हती. एपर्नेहून टॅक्सीने ओव्हिलेर गावी गेलो, तिथल्या बागेच्या कडेला ते उकिडवे बसले. मातीत पांढरे खडूचे तुकडे. एक उचलून अंगठ्याने चोळला, बोट पांढरं झालं. हा खडूच पाणी धरून ठेवतो आणि वेलीला हळूहळू देतो. तिथे बागेला पाणी द्यायला परवानगीच नाही. आपल्याकडे दोन ओळींत नऊ फूट, तिथे जेमतेम साडेतीन-चार. ओळीच्या वरून चालणारा उंच ट्रॅक्टर बघून बाबा लहान मुलासारखे त्याच्या मागे गेले.

आणि ती चिठ्ठी. तुम्ही फ्रेंचमध्ये लिहून दिली होती, मी छापून बाबांच्या खिशात ठेवली होती: "मी मद्य घेत नाही. मी भारतात द्राक्षं पिकवतो. मला तुमची वेल दाखवाल का?" तळघर दाखवणाऱ्या बाईंनी ती वाचली, बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि आम्हाला चाखण्याच्या टेबलाऐवजी मागच्या बागेत नेलं. छाटणीची जुनी खूण दाखवली. बाबांनी बोटांनी कात्री करून आपली ऑक्टोबर छाटणी दाखवली. मधे मी भाषांतर करायला गेले तर दोघांनीही मला हाताने थांबवलं. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं होतं ताई, आणि माझा घसा दाटून आला होता.

तळघरात दहा-बारा अंशांचा गारवा. स्वेटर घ्या म्हणाला होतात म्हणून आई निवांत फिरली. शॅम्पेनची साधी बाटलीसुद्धा किमान पंधरा महिने मुरल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे ऐकून बाबा म्हणाले, "आपला माल पंधरा दिवस थांबत नाही." परतीच्या गाडीत ते गप्प होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

अनोळखी माणसासाठी तुम्ही दोन संध्याकाळी दिल्यात. माझ्या वडिलांना तुम्ही पर्यटक समजला नाहीत, शेतकरी समजलात. याचे आभार कसे मानू?

चिठ्ठी बाबांच्या फवारणीच्या वहीत आहे. फेब्रुवारीत या, माल उतरायच्या आधी. नाशिकरोडला घ्यायला ते स्वतः येणार आहेत.

तुमची,
दिंडोरीची एक लेक