केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीतून सहा जण येतायत, पहिल्या वर्षासाठी माणसं हवी आहेत

नमस्कार मंडळी,

आपल्या पाच घरांच्या गटानं 2022 ला ज्या सोमाली कुटुंबाचा स्पॉन्सरशिपचा अर्ज भरला होता तो मंजूर झालाय. मेडिकल झालंय, आता केनिया सरकारचं एक्झिट परमिट आणि विमानाची तारीख एवढंच राहिलंय. ही तारीख अगदी शेवटी कळते आणि मग हातात फार तर दोन-तीन आठवडे उरतात, म्हणून आत्ताच लिहितोय. नवरा, बायको, चार मुलं. मोठी मुलगी 13 वर्षांची, धाकटा 3 चा. टोरंटोच्या पिअर्सन एअरपोर्टवर उतरतील तेव्हा सगळे पर्मनंट रेसिडेंट असतील आणि पुढचे 12 महिने त्यांचं भाडं, किराणा, कपडे, शाळा, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं आपल्या गटानं सही करून अंगावर घेतलेलं आहे.

मंडळात बरेच जण नवीन आहेत, त्यांना प्रश्न पडणार की हे कुटुंब कोण आणि आपला यांच्याशी संबंध काय, म्हणून जरा मागून सांगतो.

डिक्सन रोडच्या टॉवरमध्ये राहणारी आपली शेजारीण, जिला आपली पोरं मावशीच म्हणतात, गणपतीला प्रसाद घ्यायला येते, करोनाच्या काळात नर्सिंग होममध्ये डबल शिफ्ट करत होती ती, या कुटुंबातला नवरा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ती मूळची मोगादिशूची, सोमालियाच्या राजधानीतली. जानेवारी 1991 मध्ये तिथला हुकूमशहा सियाद बारे शहर सोडून पळाला. 1969 पासून सत्तेवर होता, त्याच्याच विमानांनी 1988 मध्ये स्वतःच्याच देशातलं हर्गेसा शहर बाँब टाकून उद्ध्वस्त केलं होतं, आणि तो गेल्यावर लोकांना वाटलं सुटलो, पण जे गट एकत्र येऊन त्याच्याशी लढत होते तेच मग एकमेकांवर उठले आणि गल्लीगल्लीत कोण कुठल्या कुळाचा यावरून माणसं मारायला लागले. ही तेव्हा सात वर्षांची. वडील शिंपी होते, मशीन तिथंच सोडून बायको-पोरीला घेऊन ट्रकनं किसमायोपर्यंत आले, तिथंही लढाई पोचली. पुढं केनियाच्या सीमेकडं, धोब्लेच्या रस्त्यावर एका नाक्यावर पुरुषांना खाली उतरवलं आणि ट्रक पुढं गेला. वडिलांचं काय झालं हे आजपर्यंत कळलेलं नाही. आई पोटुशी होती. लिबोईला सीमा ओलांडून त्या दोघी केनियात आल्या आणि हा भाऊ 1992 मध्ये इफोच्या छावणीत जन्मला.

इफो, दगाहले आणि हगदेरा या तीन छावण्या मिळून दादाब. संयुक्त राष्ट्रांनी ते सगळं मिळून 90,000 माणसांसाठी म्हणून उभं केलं होतं, तेही तात्पुरतं. 2011 च्या दुष्काळात, ज्यात सोमालियात सुमारे 2 लाख 60 हजार माणसं गेली आणि त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं होती, त्या वेळी दादाबची वस्ती साडेचार लाखांच्या वर गेली. परवान्याशिवाय छावणीबाहेर जाता यायचं नाही, बाहेर नोकरी करता यायची नाही, रेशनवर मका किंवा ज्वारी, डाळ, तेल, आणि देणगीदार देशांचा पैसा आटला की ते रेशनही कापलं जायचं. 2016 मध्ये केनिया सरकारनं छावणीच बंद करायची घोषणा केली, पुढच्या वर्षी तिथल्याच हायकोर्टानं ती घटनाबाह्य ठरवून थांबवली. तोवर लाखो लोक रात्री झोपताना उद्या कुठं पाठवतील या विचारात.

हा भाऊ तिथंच शिकला, आता छावणीतल्याच शाळेत मास्तर आहे. पण निर्वासिताला पगार द्यायची सोय नाही म्हणून जे मिळतं त्याला इन्सेंटिव्ह म्हणतात. तेच काम करणाऱ्या केनियन मास्तरच्या मानानं ते फारच थोडं. वर्गात इतकी मुलं की मागच्यांना फळा दिसत नाही. हे सगळं करून तो संध्याकाळी मोठ्या मुलींची वेगळी शिकवणी घेतो, फुकट. मला हा माणूस भेटायच्या आधीच आवडलाय हे मी मोकळेपणानं सांगतो.

बहीण 2009 मध्ये सासरच्या लोकांबरोबर कॅनडात आली, कॅनडा सरकारनंच त्यांना आणलं. आई आणि भाऊ त्या फाइलमध्ये बसत नव्हते. आई तिकडंच वारली. तेव्हापासून ही बाई दर महिन्याला हवालानं पैसे पाठवतेय, आपल्या स्वतःच्या तीन पोरांचं करून. आणि कधी कुणाला बोलली नाही, आपल्याकडं हा विषय निघाला तोसुद्धा भिशीच्या दिवशी सहज कुणीतरी भावाबद्दल विचारलं म्हणून.

कॅनडात साध्या नागरिकांना निर्वासित कुटुंब स्पॉन्सर करता येतं हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1979 मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसच्या लोकांसाठी हे सुरू झालं, तेव्हापासून चर्चच्या बायकांनी, शेतकऱ्यांनी, कॉलनीतल्या शेजाऱ्यांनी मिळून 3 लाखांहून जास्त माणसं आणलीत. पाच जण लागतात, नागरिक किंवा पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेंट, कुटुंब जिथं येणार त्याच गावात राहणारे. आपण पाच घरं तेवढी झालो. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारनं अशा पाच जणांच्या गटांचे नवीन अर्ज घेणं थांबवलं, आपला आधीच गेलेला होता म्हणून वाचला. आत्ता ही संधी हातातून गेली तर या कुटुंबाला पुन्हा रांगेत उभं राहायलाही जागा नाही.

काही जणांनी ग्रुपवर विचारलं की आपल्याच मराठी मुलांना इथं जॉब मिळेना झालेत, बेसमेंटमध्ये सहा-सहा जण राहतायत, मग आधी त्यांचं का नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्या मुलांसाठी मंडळाचा वेगळा फंड आहे, त्यातला एक डॉलरही इकडं वळवलेला नाही, वळवणारही नाही. पण आपण सगळे इथं इमिग्रेशनचे पॉइंट मोजून, कागद जमवून, मनात आलं तर परत जायचं तिकीट काढता येईल या खात्रीनं आलो. या माणसाला परत जायला गाव नाही आणि जिथं जन्मला तो देश त्याला आपला मानत नाही. दोन्ही कामं करायची ताकद आपल्यात आहे असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं. एकरकमी मोठी देणगी कुणी दिली तर नाही म्हणणार नाही, पण खरी गरज आहे ती दर महिन्याला येणाऱ्या पैशाची. घर भाड्यानं घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधी द्यावं लागतं, ते पाच घरांनी मिळून बाजूला काढून ठेवलंय. पुढच्या महिन्यांचं भाडं आणि किराणा हे मात्र पाच घरांना झेपणारं नाही, टोरंटोची भाडी सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हणून विनंती की ज्यांना जमेल त्यांनी महिना 50 डॉलर, 12 महिने, ऑटो ट्रान्सफर लावून टाकावी. ज्याला 20 जमतील त्यानं 20. चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या पैशाचा, अर्ज ते आल्याआल्या करू, तो सुरू झाला की ओझं जरा हलकं होईल, पण सुरू व्हायला वेळ लागतो. शिवाय सहा जणांच्या विमानप्रवासाचं कर्ज त्यांच्या डोक्यावर असणार आहे, सरकार ते बिनव्याजी देतं पण वर्षभरानं हप्ते सुरू होतात, तोपर्यंत घरातलं एक तरी माणूस कामाला लागलेलं हवं.

पैशासाठी वेगळं बँक खातं उघडलंय, दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत, हिशोब दर महिन्याला ग्रुपवर पडेल. आपण रजिस्टर्ड चॅरिटी नाही त्यामुळं टॅक्सची रिसीट मिळणार नाही, हे आधीच सांगतो. आणि स्पॉन्सरशिपसाठी त्या कुटुंबाकडून किंवा बहिणीकडून एक पैसाही घेतलेला नाही, त्या कुटुंबाकडून तसं घ्यायला नियमानं मनाईच आहे. बहीण जे करतेय ते बहीण म्हणून करतेय.

पैशाइतकाच वेळ हवाय, खरं तर जास्त. पहिल्या दोन आठवड्यांत सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर), हेल्थ कार्ड, बँक, शाळेत नाव घालणं, डोळे-दात तपासणं, इंग्रजीच्या क्लासची टेस्ट एवढं सगळं येतं आणि प्रत्येक ठिकाणी सोबत कुणीतरी गाडी घेऊन हवं. ज्या आजी-आजोबांना दुपारी वेळ असतो त्यांनी नुसतं बसमध्ये त्यांच्याबरोबर बसून बसभाड्याचं प्रेस्टो कार्ड कसं टॅप करायचं, कुठं उतरायचं हे दोनदा दाखवलं तरी फार मोठं काम होईल. शाळेत मुलं वयाप्रमाणं वर्गात घालतात, त्यामुळं 13 वर्षांच्या मुलीला आठवीचं गणित इंग्रजीतून झेपायला मदत लागेल. आपल्या युनिव्हर्सिटीतल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर छान होईल, मुलगी असेल तर जास्त बरं म्हणजे ती मोकळी बोलेल.

सामानात सगळ्यात आधी हिवाळी जॅकेट आणि स्नो बूट, या लोकांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. मापं ग्रुपवर टाकतो. गाद्या कृपया जुन्या देऊ नका, ढेकणांचा त्रास माहितीये सगळ्यांना, गाद्या नव्याच घेणार आहोत. स्वयंपाकाची भांडी पण नवी असू देत, ते हलाल पाळतात. डाळ, तांदूळ, चहा, वेलची, दालचिनी हे खुशाल आणा, त्यांचा चहा आपल्या मसाला चहाच्या फार जवळचा आहे, समोसे तर त्यांच्याकडंही रमजानात घरोघरी होतात.

एक कळकळीची विनंती. ते आल्यावर युद्धाबद्दल, वडिलांबद्दल, छावणीबद्दल खोदून विचारू नका, त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐका. वर मी जे लिहिलंय ते बहिणीनं वाचून घेऊन, लिही म्हणाली म्हणून लिहिलंय. फोटो काढून फेसबुकवर टाकू नका, एअरपोर्टवर बॅनर घेऊन गर्दी करू नका. घर कसं लावायचं, मुलांना काय खायला घालायचं, नोकरी कुठली धरायची हे त्यांचं ते ठरवतील. आपण सोबतीला आहोत, मालक नाही.

अहमद हुसेन यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मोगादिशूचेच, 1993 मध्ये कोवळ्या वयात निर्वासित म्हणून टोरंटोला आले, 2015 मध्ये आपल्या बाजूच्या यॉर्क साउथ-वेस्टनमधून खासदार झाले आणि 2017 मध्ये देशाचे इमिग्रेशन मंत्री. सगळेच मंत्री होतील असं नाही आणि व्हायला हवं असंही नाही, या मास्तरला इथं पुन्हा एखाद्या वर्गात उभं राहता आलं तरी मला खूप आनंद होईल, त्यासाठी इथले टीचिंग असिस्टंटचे कोर्स, सर्टिफिकेटचं काम माहीत असलेलं कुणी आपल्यात असेल तर जरूर पुढं या.

येत्या रविवारी दुपारी मंडळाच्या नेहमीच्या हॉलवर बसतोय. यादी तिथं भरू, कोण गाडी देणार, कोण शिकवणी घेणार, कोण दर महिन्याला किती देणार. ज्यांना रक्कम ग्रुपवर लिहायला अवघड वाटतं त्यांनी खजिनदारांना वेगळा मेसेज टाका, कुणाचं नाव किंवा आकडा कुठंही जाहीर होणार नाही. येताना जॅकेट आणलीत तर चालतील, फक्त पिशवीवर साइज लिहा.