पावसात नेट जातं, पण कळतं उशिरा

माननीय संपादक,

पाऊस धरला की वाळपई, केपे, काणकोण, कुठूनतरी नेट बंद असल्याची बातमी तुमच्याकडे येतेच. झाडं पडतात, वीज जाते, फायबर तुटतो, ते समजू शकतो. पण मी फोंड्याला नेटवर्कचंच काम करतो म्हणून सांगतो, लाइन पडलीये हे ऑफिसात बसलेल्याला बऱ्याचदा कळतंच उशिरा, कारण मॉनिटरिंग सिस्टीमच मागे पडलेली असते, आणि तीही नेमकी अशाच दिवशी.

होतं काय, पोलरला, म्हणजे एकेका डिव्हाइसकडून माहिती विचारून घेणाऱ्या प्रोग्रामला, दर पाच मिनिटांनी म्हणजे 300 सेकंदांत सगळे राउटर-स्विच विचारून यायचं असतं. चालू डिव्हाइस लगेच उत्तर देतं, बंद पडलेलं गप्प. हे विचारणं एसएनएमपी नावाच्या पद्धतीने होतं, त्यासाठीच्या नेट-एसएनएमपी या सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग तशीच ठेवली तर उत्तराची वाट बघायला एक सेकंद (टाइमआउट) आणि वर पाच वेळा परत विचारणं (रिट्राय), म्हणजे एका बंद डिव्हाइसमागे सहा सेकंद गेले. अशी 60 बंद पडली आणि पोलर एकेकाला ओळीने विचारत बसला तर 360 सेकंद नुसते वाट बघण्यात, तोवर पुढच्या फेरीची वेळ होऊन गेलेली. गेल्या पावसात आमच्याकडे हेच झालं, कस्टमरचे फोन आधी आले आणि अलार्म नंतर, फार वाईट वाटलं.

मग लोक नवीन सर्व्हर मागवतात, नाहीतर पोलिंग दहा मिनिटांवर नेतात. हे दुसरं तर करूच नका, 100 एमबीपीएसची लिंक भरून वाहत असेल तर किती डेटा गेला ते मोजणारा 32 बिटचा काउंटर सहा मिनिटांच्या आतच भरून परत शून्यावर येतो आणि ग्राफ सरळ चुकीचा येतो. 64 बिटचे काउंटर घ्या, त्यासाठी एसएनएमपी व्हर्जन 1 सोडून 2सी तरी हवं. 2सी घेतलं की गेटबल्कही, म्हणजे एकदम बरीच माहिती मागायची सोय, मिळतं, 48 पोर्टच्या स्विचला एकेक पोर्ट विचारत बसायला नको.

आम्ही जुन्याच सर्व्हरवर आधी पिंग (चालू आहेस का, एवढंच विचारणं) करायला लावलं, पिंगला उत्तर नाही तर त्या फेरीत पुढे काही विचारायचंच नाही. रिट्राय एकच ठेवला (शून्य नको, डोंगरावरच्या वायरलेस लिंकवर खोटे अलार्म येतात), एकावेळी बरीच डिव्हाइस विचारायला लावली, रिकामे पोर्ट काढून टाकले. फेरी आता वेळेत संपते.

सरकारी ऑफिसं, पंचायतींचं नेट सांभाळणाऱ्यांनी पुढचा पाऊस यायच्या आधी एवढं बघावं की आपली पोलिंगची फेरी किती सेकंदांत संपते, आणि वीस-तीस डिव्हाइस मुद्दाम बंद करून परत मोजावं.

एक नेटवर्क कर्मचारी, फोंडा